ऑर्डर मुंबईत, प्रिंटर अक्कलकोट रोडला: मेसेज क्यू म्हणजे काय आणि ती ॲपला कशी जोडतात

२० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला भाग कोलमडला. स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट यांच्यासकट कितीतरी ॲप जगभर आडवी झाली. डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेत घोळ झाला होता आणि तो पत्ताच कुणाला सापडत नव्हता. हे तरी समजण्यासारखं होतं. बऱ्याच जणांना बुचकळ्यात टाकलं ते त्यानंतरच्या निवेदनानं. सेवा पूर्ववत झाल्या आहेत, पण काहींकडे तुंबलेले मेसेज निपटायला अजून काही तास लागतील, असं कंपनीनं कळवलं होतं.

सेवा सुरू झाली, तर मग तुंबलं काय? आणि हे मेसेज म्हणजे व्हॉट्सॲपवरचे का?

सोलापुरातून चादरी, टॉवेल, शेंगाचटणी ऑनलाइन विकणाऱ्या काही व्यापाऱ्यांची सॉफ्टवेअरची कामं मी करतो. त्यांच्याकडून हाच प्रश्न वेगळ्या तोंडानं येतो. "सर, पोरगा म्हणतोय वेबसाइटला क्यू जोडावी लागेल. चालतंय की सगळं, मग हे कशाला?" त्या प्रश्नाचं हे सविस्तर उत्तर.

मेसेज कुणाचा, कुणाला?

इथला मेसेज माणसानं माणसाला पाठवलेला नसतो. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहून ठेवलेला तो छोटासा निरोप असतो. 'ऑर्डर क्रमांक अमुक, पॅकिंगची चिठ्ठी छापा', एवढाच. असे निरोप ज्या जागी जमा होतात आणि तिथून एकेक करून उचलले जातात ती जागा म्हणजे मेसेज क्यू. उचलून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला वर्कर म्हणतात. ही जागा स्वतःच्या मशीनवर न ठेवता ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलकडून भाड्यानं घेतली की झाली क्लाउड क्यू.

आपल्याकडे प्रत्येक पेठेत पिठाची गिरणी आहे, आणि तिथं हे सगळं रोज चालतं. तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन जाता. गिरणीवाला दुसऱ्याचं दळत असतो. तुम्ही डब्यात चिठ्ठी टाकता, 'ज्वारी, बारीक', डबा ओळीत ठेवता आणि घरी येता. दळण होईपर्यंत तुम्ही तिथं उभे राहत नाही, आणि तुम्ही आलात म्हणून गिरणीवाल्याला हातातलं काम टाकावं लागत नाही. सकाळी एकदम तीस डबे आले तरी गिरणी आपल्याच वेगानं फिरते, फक्त ओळ लांबते.

त्या ओळीनं दळण्याचं काम एका किलोनंही कमी केलेलं नाही. काम स्वीकारणं आणि काम करणं या दोन गोष्टी तिनं एकमेकींपासून सोडवल्या, बाकी काही नाही. क्यू जोडली की ॲप वेगवान होतं असं सांगून ती विकणारे लोक आहेत, त्यांच्यापासून जरा सांभाळून.

दिवाळीतल्या त्या दिवशीही हेच झालं होतं. गिरणी बंद असतानाही डबे येत राहिले. गिरणी सुरू झाली तेव्हा ओळ लांबलचक होती आणि ती संपवायला वेळ लागणारच होता.

कल्पना जुनी आहे. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत असाच एक निरोप्या तयार केला. शेअर बाजारातल्या वेगवेगळ्या प्रोग्रॅमना तो एकमेकांत न अडकता माहिती देत असे. त्यातून पुढे टिबको ही कंपनी उभी राहिली. आयबीएमचं एमक्यू १९९३ चं. ॲमेझॉनची सिंपल क्यू सर्व्हिस, म्हणजे एसक्यूएस, ही तर त्यांच्या क्लाउडमधल्या अगदी पहिल्या सेवांपैकी एक. २००४ मध्ये ती चाचणीसाठी आली आणि २००६ मध्ये सगळ्यांना खुली झाली. पुढचं सगळं मी तिच्याच आधारानं सांगणार आहे.

चादरीच्या दुकानात अडतं कुठं

समजा सोलापूरच्या नव्या पेठेत दुकान आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत गोडाऊन. वेबसाइटवर गिऱ्हाईक दोन चादरी घेतं आणि पैसे भरतं. त्या क्षणी सर्व्हरला पाच कामं करायची असतात: ऑर्डर नोंदवणं, बिलाची पीडीएफ बनवणं, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप पाठवणं, कुरिअर बुक करणं आणि गोडाऊनला चिठ्ठी छापणं. सरळसोट लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ही पाचही कामं एकापाठोपाठ होतात, आणि तोवर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर गोल चक्र फिरत राहतं.

एरवी हे चालून जातं. थंडी सुरू झाली, लग्नसराई आली की बिघडतं. कुरिअर कंपनीचा सर्व्हर मंदावला की तुमची वेबसाइटही त्याच्याबरोबर मंदावते. गोडाऊनची लाईट गेली की प्रिंटर सापडत नाही, म्हणून ऑर्डरच फसते. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र गेलेले असतात. चादर घेणाऱ्याचा अक्कलकोट रोडच्या लाईटशी काही संबंध नाही, पण प्रोग्रॅमनं तो जोडून ठेवलेला असतो.

क्यू आली की सर्व्हर पहिलंच काम करतो. ऑर्डर नोंदवतो, उरलेल्या चार कामांचे चार निरोप क्यूत टाकतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, 'ऑर्डर मिळाली.' बाकीचं मागाहून होतं. ऑनलाइन खरेदी केल्यावर स्क्रीनवर होकार लगेच येतो आणि बिलाचा मेल दोन मिनिटांनी येतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

जोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

खरं सांगायचं तर जोडणी हा यातला सगळ्यात सोपा भाग. अर्ध्या दिवसाचं काम, तेही खातं उघडताना कार्डाच्या ओटीपीची वाट बघण्यासकट.

ॲमेझॉनचं खातं उघडायचं. प्रदेश मुंबई निवडायचा. त्यांची मुंबईतली केंद्रं २०१६ पासून आहेत आणि सोलापूरहून व्हर्जिनियापर्यंत जाऊन येण्यापेक्षा मुंबई केव्हाही बरी. तिथं क्यू तयार केली की तिला वेबसारखा एक पत्ता मिळतो. तुमच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी कंपनीनं दिलेली तयार लायब्ररी घ्यायची, पायथॉन असेल तर बोटो-३. मग तीनच क्रिया वापरायच्या: मेसेज पाठव, मेसेज घे, मेसेज पुस. तिसरी क्रिया लोक विसरतात, तिच्याकडे पुढे येतो.

वेळ द्यावा तो परवानग्यांना. वेबसाइटच्या सर्व्हरला फक्त पाठवण्याची परवानगी हवी, गोडाऊनच्या मशीनला फक्त घेण्याची आणि पुसण्याची, आणि तीही या एकाच क्यूपुरती. सगळीकडे मालकाचीच किल्ली, म्हणजे खात्याचा गुप्त संकेत, वापरली तर गोडाऊनचा संगणक चोरीला गेल्यावर पूर्ण खातं चोरीला जातं. सर्व्हर ॲमेझॉनच्याच क्लाउडमध्ये असेल तर त्याला किल्ली लिहून द्यावीच लागत नाही, 'रोल' नावाची तात्पुरती ओळख देता येते. आणि किल्ली कोडमध्ये लिहून तो कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकायचा नाही. अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्रॅम असतात. सापडली की तुमच्या खात्यावर कुणीतरी भलतीच मोठी मशीन सुरू करतं आणि बिल तुमच्या नावानं येतं.

मेसेजमध्ये काय घालायचं? शक्य तितकं थोडं. एका मेसेजची मर्यादा बरीच वर्षं २५६ केबी होती, २०२५ मध्ये ती १ एमबी झाली. पण मर्यादा वाढली म्हणून कुणी त्यात चादरीचा फोटो कोंबू नये. फोटो साठवणीच्या जागी ठेवायचा आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता द्यायचा. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, घरचा पत्ता हेही नको, ऑर्डर क्रमांक पुरे. वर्करनं तो घेऊन डेटाबेसमधून बाकीचं वाचावं. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, त्यामुळे लोकांची माहिती जितक्या कमी ठिकाणी सांडलेली असेल तितकं बरं.

गोडाऊनला स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, घ्यावा लागेल का?

नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी क्लाउड क्यूचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हाच, आणि माहितीपत्रकांत नेमका तोच ठळकपणे सांगितलेला नसतो.

वेबसाइटच्या सर्व्हरनं थेट गोडाऊनच्या संगणकाशी बोलायचं ठरवलं तर त्या संगणकाला कायमचा पत्ता हवा, राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडं हवं, आणि दार उघडं ठेवलं की नको ते पाहुणे येतात. क्यूच्या रचनेत गोडाऊनच्या संगणकाला कुणी हाक मारत नाही. तोच मुंबईला विचारतो, 'आहे का काही माझ्यासाठी?' ब्राउझर एखादं संकेतस्थळ उघडतो तशीच ही बाहेर जाणारी, सुरक्षित एचटीटीपीएसची विनंती असते. साधं ब्रॉडबँड चालतं, मोबाइलचं हॉटस्पॉटही चालतं. लाईट दोन तास गेली तर मेसेज मुंबईत बसून राहतात. लाईट आली, वर्कर सुरू झाला की चिठ्ठ्या भराभर छापल्या जातात. त्यासाठी वर्कर संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल अशी सोय मात्र करून ठेवायची, नाहीतर लाईट येते आणि वर्कर झोपलेलाच राहतो.

आता विचारायचं किती वेळा? इथं पैशाचा हिशेब येतो. एसक्यूएसमध्ये महिन्याला पहिल्या १० लाख विनंत्या फुकट असतात. वर्करनं दर सेकंदाला विचारलं तर दिवसाला ८६,४०० आणि ३० दिवसांत २५,९२,००० विनंत्या होतात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर 'काही नाही'. म्हणजे एकही चादर न विकता फुकटची मर्यादा उडाली. त्यावर लाँग पोलिंग नावाची सोय आहे. वर्कर विचारतो आणि सांगतो, 'नसेल तर २० सेकंद थांबतो.' मधल्या वेळात मेसेज आला तर लगेच मिळतो, नाही आला तर २० सेकंदांनी पुन्हा विचारायचं. आता महिन्याच्या रिकाम्या विनंत्या १,२९,६०० वर येतात. २० सेकंद ही कमाल मर्यादा आहे आणि मुळात हे मूल्य शून्य असतं, म्हणून आठवणीनं बदलावं लागतं.

लाईट नेमकी चिठ्ठी छापतानाच गेली तर?

इथं जरा सावकाश वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

वर्करनं मेसेज घेतला म्हणून तो क्यूतून जात नाही. तो फक्त इतरांना दिसेनासा होतो. गिरणीवाल्याच्या पोरानं डबा ओळीतून उचलून गिरणीशेजारी ठेवला, तसा. काम झालं की वर्करनं सांगायचं, 'झालं, पुसा.' ठरलेल्या वेळेत असं सांगितलं नाही, तर क्यू समजते की या वर्करचं काहीतरी बिनसलं, आणि मेसेज पुन्हा सगळ्यांना दिसू लागतो. या लपण्याच्या वेळेला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात. मुळात ती ३० सेकंद असते आणि १२ तासांपर्यंत वाढवता येते.

रचना चोख आहे. वर्कर मध्येच मेला तरी काम हरवत नाही. पण आता हे बघा: वर्करनं मेसेज घेतला, प्रिंटरनं चिठ्ठी छापली, आणि 'पुसा' म्हणायच्या आधी लाईट गेली. क्यूला काय कळणार? तिच्या दृष्टीनं काम झालंच नाही. लाईट आल्यावर तोच मेसेज पुन्हा येतो, त्याच ऑर्डरची दुसरी चिठ्ठी निघते, आणि पॅकिंगवाला आणखी दोन चादरी बांधून रवाना करतो.

लाईट न जाताही हे होतं. कुरिअर बुकिंगला कधी ४० सेकंद लागले आणि लपण्याची वेळ ३०च ठेवली असेल, तर पहिला वर्कर कामात असतानाच दुसरा तोच मेसेज उचलतो. शिवाय साध्या प्रकारच्या क्यूत कंपनी शब्द देते तो 'किमान एकदा' पोचवण्याचा. नेमकं एकदाच पोचवण्याचा नाही. क्वचित एखादा मेसेज काहीही न बिघडता दोनदा येतो.

त्यामुळे दोनदा आलेला मेसेज ओळखण्याची जबाबदारी तुमच्या प्रोग्रॅमची. एकच काम दोनदा केलं तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. गिरणीवर दळलेल्या डब्यावर खडूनं खूण नसेल तर पीठ पुन्हा दळलं जाईल आणि मैद्यासारखं होऊन भाकरी थापता येणार नाही. तशी खूण इथेही लागते: वर्करनं काम सुरू करण्याआधी 'या ऑर्डरची चिठ्ठी छापली आहे का' हे डेटाबेसमध्ये बघायचं, छापल्यावर तशी नोंद करायची आणि मगच मेसेज पुसायचा.

बारकाईनं वाचणारा लगेच म्हणेल, छापणं आणि नोंद करणं यांच्या मध्ये लाईट गेली तर? बरोबर. ती फट शंभर टक्के बुजत नाही, कारण प्रिंटरमधून बाहेर आलेला कागद डेटाबेसला परत आत ओढता येत नाही. आधी नोंद आणि मग छपाई असं केलं तर एखादी चिठ्ठी छापलीच जाणार नाही. आधी छपाई आणि मग नोंद केली तर एखादी दोनदा छापली जाईल. धंद्यानं ठरवायचं, कुठली चूक स्वस्त. चादरीच्या गोडाऊनमध्ये मी दुसरी निवडतो, आणि चिठ्ठीवर ऑर्डर क्रमांक ठळक छापून पॅकिंग टेबलावर तो स्कॅन करायला लावतो. दुसऱ्यांदा स्कॅन झाला की मशीन ओरडतं. पैसे परत करण्याच्या कामात मात्र उलट बाजू धरायची: आधी नोंद, मग पैसे.

मग 'एकदाच' देणारी क्यू का घेऊ नये?

अशी क्यू आहे. एसक्यूएसमध्ये २०१६ च्या शेवटापासून फिफो नावाचा प्रकार मिळतो, जो आधी आला तो आधी. तिचे दोन गुण आहेत. एक, पाठवणाऱ्यानं तोच मेसेज पाच मिनिटांच्या आत पुन्हा पाठवला तर ती दुसरा टाकून देते. दुसरा गुण क्रमाचा. साध्या क्यूत क्रम साधारण पाळला जातो, पण हमी नाही. 'ऑर्डर रद्द' हा निरोप 'ऑर्डर आली'च्या आधी वर्करच्या हातात पडू शकतो. फिफोत प्रत्येक ऑर्डरचा गट करता येतो आणि त्या गटात क्रम मोडत नाही.

पण लाईट जाण्याचा प्रश्न तिनं सुटत नाही. वर्करनं वेळेत पुसलं नाही तर फिफोही मेसेज पुन्हा देते. द्यायलाच हवा, नाहीतर काम हरवेल. आणि क्रमाची किंमत अशी की एक मेसेज अडकला तर त्याच्या गटातले मागचे सगळे थांबतात. त्यामुळे खुणेची सोय दोन्हीकडे करावीच लागते. क्रम खरोखर महत्त्वाचा असेल तर फिफो घ्या. दुकानांच्या बऱ्याच कामांत तो नसतो.

न दळता येणारा डबा

एखाद्या गिऱ्हाइकानं पिनकोड देवनागरी आकड्यांत टाकला, ४१३००१. माणसाला काहीच अडचण नाही, कुरिअर कंपनीची यंत्रणा मात्र तो नाकारते. वर्करला चूक येते, मेसेज पुसला जात नाही, थोड्या वेळानं परत येतो, परत नाकारला जातो. हे दिवसभर चालू राहतं. असे पाच-दहा मेसेज साठले की वर्कर त्यांच्यातच गुंततो आणि चांगल्या ऑर्डरी मागे पडतात.

गिरणीवाला काय करतो? ओलसर गहू निघाला तर तो डबा बाजूला ठेवतो आणि बाई आल्यावर सांगतो, 'वाळवून आणा.' क्यूतही तशी बाजूची जागा असते, डेड लेटर क्यू. अमुक वेळा प्रयत्न फसला की मेसेज आपोआप तिकडे जातो. मी साधारण पाच वेळा ठेवतो. ही बाजूची क्यू तयार करणं मिनिटाचं काम आहे. तिच्याकडे रोज कुणीतरी बघणं हे खरं काम, म्हणून तिच्यात एक जरी मेसेज पडला तरी मालकाच्या फोनवर सूचना जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून टाकावी. दुसरी सूचना मुख्य क्यूतल्या सगळ्यात जुन्या मेसेजच्या वयावर लावावी. किती मेसेज साठलेत यापेक्षा पहिला किती वेळ ताटकळतोय, हे जास्त बोलकं असतं.

हे सगळं आपल्याच डेटाबेसमध्ये नाही का करता येणार?

येतं. दिवसाला दोनशे ऑर्डरी असतील, सगळं एकाच सर्व्हरवर चालत असेल, तर डेटाबेसमध्ये 'बाकी कामं' असा एक तक्ता करा आणि मिनिटामिनिटाला तो वाचणारा छोटा प्रोग्रॅम ठेवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका वर्करनं धरलेली तक्त्यातली ओळ दुसऱ्यानं ओलांडून पुढे जाण्याची सोय २०१६ पासून आहे, ती अशा कामाला छान पडते. तुमची गरज इथेच भागत असेल तर क्यू सुचवणाऱ्या माणसाला जरूर विचारा, नक्की का? काम वेगवेगळ्या ठिकाणी होत असेल, जसं मुंबईतला सर्व्हर आणि एमआयडीसीतला प्रिंटर, किंवा वर्कर वाढवावे लागत असतील, तेव्हा क्यू आपले पैसे वसूल करते. गोडाऊनसाठी अख्खा डेटाबेस इंटरनेटवर उघडा करण्यापेक्षा तर नक्कीच.

आणि गंमत अशी की क्यू घेतली तरी तो तक्ता बऱ्याचदा लागतोच. सर्व्हरनं डेटाबेसमध्ये ऑर्डर नोंदवली आणि क्यूत मेसेज टाकायला गेला तेव्हा नेट तुटलं, तर ऑर्डर आहे पण चिठ्ठीचा निरोप नाही. ही चूक वाईट, कारण ती कुठेच दिसत नाही. गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा कळते. त्यावर उपाय असा: ऑर्डर नोंदवतानाच, त्याच व्यवहारात, 'हा मेसेज पाठवायचा आहे' अशी ओळ डेटाबेसमध्येच लिहायची. डेटाबेस दोन्ही लिहील किंवा दोन्ही लिहिणार नाही. मग एक छोटा प्रोग्रॅम त्या ओळी बघून मेसेज क्यूत टाकतो आणि टाकला की खूण करतो. याला आउटबॉक्स म्हणतात. यातही एखादा मेसेज दोनदा जाऊ शकतो, पण दोनदाची तयारी आपण केलेलीच आहे.

दहावीच्या निकालाला साइट बसते, तिथं हा उपाय का करत नाहीत?

हा प्रश्न हमखास येतो. तिथं क्यूचा फारसा उपयोग नाही. निकाल बघणाऱ्याला उत्तर आत्ता हवं असतं. 'तुमची विनंती मिळाली, मार्क मागाहून कळवू' असं सांगून पोराला वाटेला लावता येत नाही. तिथं एकच तयार माहिती खूप लोकांना एकदम दाखवायची असते, त्यासाठी तिच्या प्रती ठिकठिकाणी आधीच ठेवण्याचे वेगळे उपाय आहेत. ज्या कामात 'मिळालं, करतो' हे उत्तर चालतं, तिथं क्यू बसते.

क्लाउडच बंद पडला तर?

पडू शकतो, आपण दिवाळीत पाहिलं. मेसेज एकाच मशीनवर नसतो, त्याच्या प्रती एका प्रदेशातल्या वेगवेगळ्या केंद्रांत असतात, त्यामुळे एक इमारत गेली म्हणून निरोप हरवत नाही. अख्खा प्रदेशच आडवा झाला तर मात्र पाठवणं थांबतं. अशा वेळी आउटबॉक्सवाल्याचे निरोप स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठत राहतात, अर्थात डेटाबेस त्याच आडव्या झालेल्या प्रदेशात नसेल तर.

त्याहून जवळचा धोका सुट्टीचा आहे, आणि तो कुणाच्या ध्यानात नसतो. एसक्यूएस मेसेज कायम ठेवत नाही. मुळात चार दिवस ठेवते, मग पुसून टाकते. दिवाळीत गोडाऊन पाच दिवस बंद, संगणक बंद, वेबसाइट मात्र सुरू. पहिल्या दिवशी आलेल्या ऑर्डरींचे निरोप गोडाऊन उघडेपर्यंत नाहीसे झालेले असतात. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत सुट्ट्या जोडून आल्या तरी तेच. ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवता येते आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी १४ करून टाका. बाजूच्या क्यूचीही तितकीच ठेवा, कारण साध्या क्यूतून तिकडे गेलेल्या मेसेजचं वय नव्यानं मोजत नाहीत, तो मूळ क्यूत आला तेव्हापासूनच धरतात. मुख्य क्यूत तीन दिवस काढून चार दिवसांच्या मुदतीच्या बाजूच्या क्यूत पडलेला मेसेज तिथं एकच दिवस टिकतो.

उद्या दुसऱ्या कंपनीकडे जायचं झालं तर?

प्रोग्रॅममध्ये सगळीकडे ॲमेझॉनची नावं पेरू नका. 'पाठव', 'घे', 'झालं' अशी स्वतःची तीन छोटी फंक्शन लिहा आणि ॲमेझॉनशी बोलणं त्यांच्या आत ठेवा, म्हणजे बदल एकाच फाइलमध्ये होतो. मायक्रोसॉफ्टची सर्व्हिस बस आहे, गूगलची पब-सब आहे, स्वतःच्या मशीनवर चालवायची रॅबिटएमक्यू आहे. कल्पना सगळीकडे जवळपास एकच, आकडे मात्र वेगळे. मेसेज झाल्याचं कळवायला गूगल मुळात १० सेकंद देतं आणि मुदत १० मिनिटांपर्यंत वाढवू देतं. सर्व्हिस बसमध्ये मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच मिनिटं धरून ठेवता येतो, पुढे मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. एसक्यूएसवर लपण्याची वेळ वाढवून बिनबोभाट चालणारं वीस मिनिटांचं काम, समजा हजार बिलांची एकत्र पीडीएफ, सर्व्हिस बसवर तसंच्या तसं नेलं तर सहाव्या मिनिटाला दुसरा वर्कर तेच काम पुन्हा सुरू करेल. स्थलांतराच्या वेळी कोडपेक्षा हे आकडेच जास्त तपासावे लागतात.